मदत हवी आहे : ‘दरगुजर’ म्हणजे माफी की काणाडोळा?

कोल्हापुरात शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराच्या फडताळात पणजोबांचे एक मोडी पत्र सापडले असून, त्याचे देवनागरी लिप्यंतर करताना मी एका शब्दाशी अडलो आहे. शेतसारा वेळेत न भरल्याची कबुली दिल्यावर शेवटी ‘कसूर दरगुजर करावी’ अशी विनंती आहे. कागद नेमका तेथेच घडीवर विरला आहे, तरी अक्षरे लागतात.

‘दरगुजर’ फारसीतून आला आणि त्यातला ‘गुजर’ आपल्या ‘गुजरणे’चाच सोयरा, एवढे मला ठाऊक आहे. म्हणजे मूळ भाव ‘वरून निघून जाणे’ असा दिसतो. मग दोष मान्य करूनही त्यावरून पुढे जाणे आणि ‘माफ करणे’ हे एकच मानावे काय? ‘क्षमा’ मला येथे फार सोवळी वाटते, तर ‘दुर्लक्ष’ म्हटले की पत्रातील अजिजी हरवते.

शिवाय ‘करावी’ हे रूप ‘कसूर’मुळे आले की ‘दरगुजर’ स्वतःच स्त्रीलिंगी आहे? आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द अजून कोणी ऐकला असल्यास, तो कोणत्या वाक्यात ऐकला हे कृपया कळवावे.