गेटजवळचा चाफा तोडायचा का?

ए-२०४ काकू: माळी कुऱ्हाड घेऊन चाफ्यापाशी उभा आहे. कोणी सांगितलं त्याला? मी खाली जातेय.

सेक्रेटरी: काकू नमस्कार. मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय. झाड वाळलंय, एक पान नाही. वाऱ्याने गाड्यांवर पडायचं.

बी-१०१: टँकरचं बिल कोण भरतंय ते आधी बघा. दिवसाआड टँकर येतोय.

सी-३०२ सर: वाळलेलं नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी पानांवरच्या रंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, वाफ होऊन जातं. रंध्रं मिटली तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न बनत नाही. म्हणून चाफा उन्हाळ्यात पानंच टाकतो. पळस, पांगारा, सावर तेच करतात.

डी-४०४: सर, पाणी आम्हालाही नाही. आम्ही काय टाकायचं?

बी-१०१: मेंटेनन्स टाका. तीन महिने थकलाय तुमचा.

डी-४०४: हे पर्सनलवर बोला.

ए-२०४ काकू: फांदी नखाने खरवडली. साल निघाल्यावर आत हिरवीगार, वर पांढरा चीक. फोटो टाकलाय. आता तोडून दाखवा.

सेक्रेटरी: काकू, भाषा जपा. कमिटी फुकट राबते.

बी-२०३ ताई: सर, माझा मोगरा दोनदा पाणी घालूनही दुपारी मान टाकतो. शेजारची कोरफड मात्र ठणठणीत.

सी-३०२ सर: कोरफड रंध्रं रात्री उघडते. गारव्यात वाफ कमी जाते. घेतलेला वायू आम्ल करून साठवते, दिवसा रंध्रं मिटून त्यावर अन्न बनवते. मोगऱ्याला ते जमत नाही. संध्याकाळी तो आपोआप सावरत असेल तर जादा पाणी नको, मुळं कुजतील. सकाळी माती बोटाने बघा, वर पालापाचोळा पसरा.

बी-२०३ ताई: थँक्यू सर.

बी-१०१: टँकरचं बिल!

सी-३०२ सर: तेच सांगतोय. पाणी पितं लॉन. ते काढून कण्हेर लावा. तिची रंध्रं पानामागच्या खळग्यांत असतात, वर लव. गरम वारा थेट लागत नाही.

डी-४०४: लॉनला हात लावायचा नाही. मुलं कुठे खेळणार? पाइपने गाड्या धुणाऱ्यांना विचारा आधी.

बी-१०१: कोणाला म्हणताय?

सेक्रेटरी: माळ्याला परत पाठवलंय. चाफ्याला पावसाळ्यापर्यंत हात लावणार नाही. लॉनचं रविवारी मीटिंगमध्ये.

ए-२०४ काकू: हे मिनिट्समध्ये लिहा. तोंडी नको.