एकसारखे टीशर्ट घातलेला घोळका आणि आपण: पार्कातले अनुभव सांगा

फोंडेकर

गेल्या मे महिन्यात मुलाला घेऊन गोव्याबाहेरच्या एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो, पार्कचं आणि क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगा नऊ वर्षांचा. आदल्या वर्षी उंची मोजायच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला म्हणून मोठ्या रोलर कोस्टरच्या दारातून त्याला परत पाठवलं होतं, तेव्हापासून वर्षभर घराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारत होता. यंदा पट्टीखाली उभा राहिला तर केस पट्टीला टेकले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

रांगेत आम्ही सव्वा तास उभे होतो. पुढे एका हिरोच्या फॅन क्लबचे दोघे, पिवळे टीशर्ट, पाठीवर हिरोचा चेहरा. आमचा नंबर आता येणार म्हणेपर्यंत मागून तसलेच पिवळे टीशर्ट रेलिंगच्या खालून यायला लागले, एक, दोन, पाच, मी अठरापर्यंत मोजले, आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "आमचा माणूस पुढे आहे." मी बोललो, माझ्या मागची एक बाई बोलली, तर त्यांनी हिरोच्या नावाने घोषणा सुरू केल्या, आमचं बोलणं कुणाला ऐकूच जाईना. गेटवरचा पोरगा विशीतला, त्याने मान खाली घालून सगळ्यांना आत सोडलं. त्यांची फेरी सुटली आणि वर वळवाचे ढग आले, वीज चमकली, राइड बंद. नियमच आहे तो, वीज चमकत असताना राइड चालवत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती शेवटची फेरी आमची होती.

पोरगा रडला नाही. परतीच्या बसमध्ये बऱ्याच वेळाने म्हणाला, "पप्पा, त्या सगळ्यांना मिळून एकच माणूस मोजतात काय?"

म्हणून हा धागा काढतोय. फॅन क्लब, गाड्यांचे क्लब, सपोर्टर्स ग्रुप, असे संघटित लोक पार्कात आले की काय होतं ते लिहा. चांगलं असेल तर तेही लिहा, आणि क्लबात असाल तर आतलं लिहा. तक्रार असेल तर पार्कचं किंवा कुणाचं नाव नको.

म्हापशाचा

हे वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी तशाच एका क्लबात सहा वर्षं होतो. तुम्ही सांगितलं ते मी केलंय, त्याच पार्कात नाही पण केलंय.

आतून कसं असतं सांगतो. ग्रुप बुकिंगला तिकीट स्वस्त पडतं म्हणून चाळीस-पन्नास जण जमवायचे, टीशर्टची वर्गणी काढायची, रात्रीची बस. ज्याचा आवाज मोठा तो आपोआप पुढारी होतो, कुणी निवडत नाही. मी एकटा असतो तेव्हा देवळात तीर्थाच्या रांगेतसुद्धा कुणाच्या पुढे जात नाही. पण तो टीशर्ट अंगावर चढला की आपण रांगेत घुसतोय असं वाटतच नाही, आपण आपल्या माणसांकडे जातोय असं वाटतं. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगतोय.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते इथल्याच एका वॉटर पार्कात. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उभी होती, ती ओरडली नाही काही नाही, माझ्या दंडाला हात लावून एवढंच म्हणाली, "पुता, आमींय पयशे दिल्यात रे." त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की पुढच्या ट्रिपला आठ-आठ जणांच्या तुकड्या करायच्या, तुकडी पूर्ण जमल्याशिवाय रांगेत शिरायचं नाही, मध्ये कोण बाथरूमला गेला तर तो मागून येणार, घोषणा फक्त गेटबाहेर आणि जेवताना. अकरा जण ग्रुप सोडून गेले. बाकीचे राहिले आणि ती ट्रिप आमची आजवरची सगळ्यात चांगली झाली, कारण कुठेच भांडण झालं नाही, आणि तुकड्या लहान असल्यामुळे राइडही जास्त झाल्या.

फोंडेकर, तुमच्या पोराची माफी मागतो. मी तिथे नव्हतो तरी मागतो.

दिचोलीकरीण

माझा दीर कॅलिफोर्नियात असतो, त्यांच्याकडे गेलो तेव्हा अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडला नेलं. १९५५ साली सुरू झालेलं मूळ डिस्नीलँड ते हेच. आत शिरल्या शिरल्या मी घाबरले. डेनिमची बिनबाह्यांची जाकिटं घातलेली दहा-बारा माणसं, दंडभर टॅटू, पाठीवर मोठाले पॅचेस, अगदी मोटारसायकलवाल्या टोळ्यांसारखी. मी पोरीचा हात घट्ट धरला. जाऊबाई हसायला लागली, म्हणाली अगं ते सोशल क्लबवाले, पॅच नीट बघ. बघितलं तर डिस्नीचीच पात्रं! यांच्याकडे वर्षाचा पास असतो, कोण ऑफिस सुटल्यावर येतं, कोण रविवारी बायकापोरांसकट.

त्यातला सगळ्यात धिप्पाड होता तो पोरीसमोर गुडघ्यावर बसला, गळ्यातल्या पट्ट्यावर चाळीसेक पिना, म्हणजे छोटे बिल्ले, लावलेल्या, म्हणाला कुठली हवी ती घे. तिथे पिना अदलाबदल करायची पद्धत आहे, पोरीकडे द्यायला काहीच नव्हतं तर तिने केसातली क्लिप काढून दिली, आणि त्याने ती खरोखर पट्ट्याला लावली हो. ती पिन अजून तिच्या दप्तराला आहे.

पण खरं ते लिहिते. दुपारी असेच दोन क्लब एकत्र आले, आतल्या मेन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पन्नास जण फोटोला उभे राहिले, आणि बाबागाड्या घेऊन आलेल्या आया दोन्ही बाजूंनी अडकून पडल्या. मनाने चांगली होती सगळी, त्याबद्दल शंका नाही, पण रस्ता अडला तो अडलाच. कुणाच्या मनात वाईट नसतानाही असं होतं, म्हणून ज्या दादाच्या हातात कॅमेरा असतो त्याने आजूबाजूला बघायला हवं असं मला वाटतं.

मडगावहून

थोडक्यात लिहितो. २०१४ ला एफसी गोवा ही फुटबॉल टीम सुरू झाली तेव्हापासून मी फातोर्ड्याच्या स्टेडियमला जातो, नारिंगी जर्सी, ढोल, घसा बसेपर्यंत ओरडणं, सगळं करतो. तिथे तिकीट काढणारा प्रत्येक जण आवाजासाठीच आलेला असतो. तोच ढोल आमच्यातल्या काहींनी वॉटर पार्कात नेला, तर शेजारच्या सावलीत एक बाई तान्ह्या बाळाला झोपवत होती. ढोल बसमध्ये परत ठेवून यायला पाच मिनिटं लागली. एवढंच.

माजी लाइफगार्ड

मी तीन सीझन एका वॉटर पार्कात होतो. रांगेवरून सगळे बोलताय, मी स्लाइडवरचं सांगतो, कारण तिथे हाडं मोडतात.

स्लाइडच्या तोंडाशी आम्ही माणसाला थांबवून ठेवतो ते उगाच नाही. आधीचा खाली पाण्यात पडला, उठला, बाजूला झाला, खालच्या गार्डने हात वर केला की मगच पुढचा सोडायचा. क्लबवाल्यांना काय हवं असतं, सहा-सात जणांनी एकमेकांच्या कमरेला पाय लावून आगगाडी करायची आणि वरून कुणीतरी व्हिडिओ काढायचा. एवढं वजन एकत्र आलं की वेग वाढतो, वळणावर मधला उसळतो, आणि खाली सगळे एकाच जागी पडतात, मागच्याचा गुडघा पुढच्याच्या डोक्यात. वर हे कॉटनचे छापील टीशर्ट! आम्ही नायलॉनचे कपडे घाला म्हणतो ते याच्यासाठीच की कॉटन पाणी धरून जड होतं आणि स्लाइडला घासतं, मधला एक जण अडकला की मागची आगगाडी त्याच्यावर.

एका रविवारी अशी आगगाडी मी अडवली. पुढारी म्हणाला, आमची साठ तिकिटं आहेत. मी म्हटलं सहाशे असूदेत, एकेक जा. त्याने खाली जाऊन तक्रार केली आणि आमच्या वरच्या माणसाने वॉकीवर मला सांगितलं, "सांभाळून घे रे." मी बाजूला झालो. दुसऱ्याच फेरीत त्यांच्यातल्या एका पोराचे पुढचे दोन दात गेले. पाण्यात रक्त पसरतं तेव्हा खूप वाटतं, होतं त्याहून जास्त. पूल रिकामा करून त्याला खुर्चीत बसवलं, वय सतरा असेल, तो मला म्हणत होता, "दादा, आईला फोन नका करू."

तेव्हापासून मी कुणाचं ऐकलं नाही, पुढच्या सीझनला नोकरी सोडली. फोंडेकर, तुमच्या गेटवरच्या पोराला दोष देऊ नका. त्याच्या पाठीशी कोण उभं नव्हतं.

वास्कोचा, सध्या अबुधाबी

क्लब म्हटलं की घुसखोरीच असं नाही, म्हणून लिहितोय. मी कोस्टरवेडा माणूस. इथे फेरारी वर्ल्डला फॉर्म्युला रोसा आहे, ताशी २४० किलोमीटर, पुढे बसलात तर डोळ्यांना गॉगल लावायला देतात. जगभर माझ्यासारख्यांचे क्लब आहेत, अमेरिकेतला अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स तर १९७८ पासून चालतो. आपण आयुष्यात किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो ते हे लोक मोजतात, त्याला क्रेडिट म्हणतात.

त्यांची पद्धत मला आवडते. पार्कशी आधी बोलून ठरवतात आणि पार्क उघडायच्या आधी किंवा बंद झाल्यावर तासभर राइड फक्त क्लबसाठी चालवतात, ईआरटी, म्हणजे एक्सक्लुझिव्ह राइड टाइम, म्हणतात त्याला. मी एकदा परदेशात अशा सकाळी होतो. सलग पाच वेळा बसलो, ओरडलो, टाळ्या वाजवल्या, कुणाला त्रास नाही. आणि गेट उघडलं की तेच लोक इतरांसारखे रांगेच्या शेवटी. आपल्याकडच्या क्लबांनी पार्कला असं विचारून तरी बघावं. साठ तिकिटं एकत्र घेणाऱ्याला पार्क एक सकाळचा तास देऊ शकतं, सगळ्यांच्या रांगेतला तास देऊ शकत नाही.

फोंडेकर

सगळे प्रतिसाद पोराला वाचून दाखवले. दात पडल्याचं ऐकून गप्प झाला, पिनेचं दोनदा वाचायला लावलं. लाइफगार्डदादा, तुमचं बरोबर आहे, त्या गेटवरच्या मुलावर मी तेव्हा आवाज चढवला होता, ते राहून राहून मनात येतंय.

म्हापशाचे, तुम्ही मेसेज करून त्या हिरोचा वाढदिवस कधी असतो ते सांगितलंत, तो आठवडा सोडून परत पार्कला जायला दिवाळीनंतरचा बुधवार धरलाय. चौकटीवर नवीन रेघ आलीय, पट्टीच्या वर एक बोट. फोंड्याहून अजून कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.