जेनिस्टीन इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर बसते, मग त्याला ‘दुर्बळ इस्ट्रोजेन’ म्हणणे पुरेसे आहे का?

पानगळ (प्रश्न):
मी जैवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि डायडझीन इस्ट्रोजेनच्या ग्राहीशी (हे संप्रेरक ओळखणाऱ्या पेशीतील प्रथिनाशी) जुळतात, असे आमच्या पाठ्यपुस्तकात सांगितले असून शेजारी नेहमीची कुलूप-किल्लीची आकृती दिली आहे. लगेच पुढच्या ओळीत मात्र हे पदार्थ ‘दुर्बळ इस्ट्रोजेन असून काही वेळा प्रति-इस्ट्रोजेन म्हणूनही काम करतात’ असे म्हटले आहे. एकच किल्ली कुलूप कधी उघडते आणि कधी अडवून ठेवते, हे कसे? शिवाय ज्या रेणूत स्टेरॉइडचा सांगाडाच नाही, तो त्या जागी बसतो तरी कसा?

सूक्ष्मदर्शी:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. ग्राहीला सांगाड्यापेक्षा दोन टोकांशी अधिक कर्तव्य असते. इस्ट्राडायोलच्या (शरीरातील मुख्य इस्ट्रोजेनच्या) दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट आहेत आणि त्यांच्यात सुमारे 11 आँगस्ट्रॉमचे अंतर आहे. एक टोक ग्राहीतील ग्लुटामेट व आर्जिनिन ही अमिनो आम्ले आणि पाण्याचा एक रेणू यांच्याशी हायड्रोजन बंध जोडते, तर दुसरे टोक हिस्टिडिनशी. जेनिस्टीनमध्येही दोन टोकांचे हायड्रॉक्सिल गट जवळजवळ तितक्याच अंतरावर आहेत आणि मधला भाग सपाट व स्निग्धप्रेमी आहे, त्यामुळे त्याचे फिनॉलचे कडे स्टेरॉइडच्या पहिल्या कड्याची जागा घेते. ग्राहीतील या खोबणीचे आकारमान इस्ट्राडायोलच्या जवळजवळ दुप्पट असल्याने असे परके रेणू तिथे सामावतात. पहिल्या प्रश्नाबद्दल म्हणाल, तर बंध सैल असल्यामुळे परिणाम कमी, एवढेच ते आहे.

तळटीप:
वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य मला मान्य नाही. बंध किती घट्ट आणि बंध जुळल्यावर ग्राही किती कामाला लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘दुर्बळ’ हा शब्द दोन्हींसाठी वापरल्यानेच पाठ्यपुस्तकातील ते वाक्य कोड्यासारखे वाटते.

ग्राही एक नव्हे, दोन आहेत. अल्फा आधीपासून ठाऊक होती. बीटाचा शोध 1996 मध्ये लागला. इस्ट्राडायोलची जुळणी 100 धरली, तर जेनिस्टीनची जुळणी अल्फाशी सुमारे 4 ते 5 भरते. बीटाशी मात्र ती, चाचणीच्या पद्धतीनुसार, 36 पासून 87 पर्यंत नोंदली गेली आहे. दोन्ही खोबण्यांत फरक केवळ दोन अमिनो आम्लांचा आहे: अल्फामधील 384 क्रमांकाच्या ल्युसिनच्या जागी बीटामध्ये मेथिओनीन येते, आणि 421 क्रमांकाच्या मेथिओनीनच्या जागी आयसोल्युसिन.

आता ‘उघडणे’ म्हणजे काय ते पाहा. ग्राहीच्या टोकाशी बारावी सर्पिल पट्टी असते. इस्ट्राडायोल आत गेले की ही पट्टी झाकणासारखी खोबणीवर बसते आणि तिच्या पृष्ठभागावर सहप्रेरक प्रथिनांना चिकटायला जागा तयार होते. त्यानंतरच जनुकाचे वाचन वाढते. ग्राहीला अडवणाऱ्या रॅलोक्सिफेनसारख्या औषधाची लांब बाजूसाखळी हे झाकण ढकलून देते. जेनिस्टीनला तशी बाजूसाखळी नाही, तरीही 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीटा ग्राहीच्या स्फटिकरचनेत झाकण पुरते न बसता औषधाच्या बाबतीत दिसते तसे बाजूला आढळले. सहप्रेरक प्रथिनाचा तुकडा सोबत ठेवल्यास तीच पट्टी नीट बसलेली दिसते. म्हणजे जेनिस्टीन झाकण बंदही करत नाही आणि उघडेही ठेवत नाही. ते त्याला हलते ठेवते, आणि पारडे कोणीकडे झुकेल हे त्या पेशीतील सहप्रेरकांच्या प्रमाणावर ठरते.

काचपट्टी:
मी पेशीसंवर्धनाचे काम करते, म्हणून एक सावधगिरीची सूचना. संवर्धन माध्यमाला लाल रंग देणारे फिनॉल रेड स्वतःच इस्ट्रोजेनसारखा परिणाम दाखवते, हे 1986 मध्ये लक्षात आले. पुढे तो दोष त्यातील एका अशुद्धीचा असल्याचे कळले. आजही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर असे प्रयोग करताना आम्ही रंगविरहित माध्यम आणि कोळशाने संप्रेरके काढून टाकलेला सीरम वापरतो. हे न केल्यास ‘शून्य इस्ट्रोजेन’ची बशी खरोखर शून्य नसते, आणि जेनिस्टीनचे वर्तनच उलटे वाटू लागते.

दुसरे असे की, या पेशींची वाढ जेनिस्टीनच्या 1 मायक्रोमोलरच्या आसपास वाढते आणि 10 च्या पुढे घटते. ही घट पाहून ‘प्रति-इस्ट्रोजेन’ असा शिक्का मारू नये, कारण इतक्या सांद्रतेला जेनिस्टीन टायरोसिन कायनेज विकरांनाही अडवते आणि त्याचा ग्राहीशी संबंध नाही. शरीरात तर रक्तातील बहुतेक जेनिस्टीन ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटशी जोडलेले असते. मोकळे, ग्राहीशी जुळू शकणारे, थोडेच उरते.

पानगळ:
मनःपूर्वक आभार. मग ‘प्रतिरोधक’ (म्हणजे प्रति-इस्ट्रोजेन) असणे हा रेणूचा गुणधर्म मानावा की परिस्थितीचा?

तळटीप:
अर्धवट प्रेरकाचे गणित करून पाहा. समजा, एखादा रेणू ग्राहीला कमाल प्रतिसादाच्या 40 टक्क्यांपर्यंतच नेऊ शकतो (हा आकडा केवळ उदाहरणासाठी). इस्ट्राडायोल नसेल, तर तो प्रतिसाद शून्यावरून 40 वर नेईल आणि आपण त्याला इस्ट्रोजेन म्हणू. इस्ट्राडायोल भरपूर असेल आणि हा रेणू त्याला हुसकावण्याइतका असेल, तर प्रतिसाद 100 वरून 40 कडे घसरेल आणि आपण त्याला प्रतिरोधक म्हणू. रेणूत काहीच बदललेले नसते.

काचपट्टी:
त्यात यजमानाची भर घाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940 च्या दशकात क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांची प्रजननक्षमता ढासळली, ती गवतातील फॉर्मोनोनेटिनमुळे. मूळ पदार्थाची ग्राहीशी जुळणी नगण्य. मेंढीच्या पोटातील जिवाणू त्याचे डायडझीन आणि मग इक्वॉल करतात, आणि ते ग्राहीवर चांगले बसते. माणसांतही डायडझीनपासून इक्वॉल बनवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत नसतात. तेव्हा प्रयोग आखताना डायडझीनच्या बशीशेजारी इक्वॉलची एक बशी अवश्य ठेवा.