शब्दचर्चा: उत्क्रांतीतला 'उत्' म्हणजे वरच का?

चौकस: भाचीच्या प्रोजेक्टसाठी डार्विनच्या काळातला निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस याच्यावर पानभर लिहून देतोय. 'बेटांवरच्या भटकंतीतून त्याला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला' असं लिहिलं आणि घरात वाद सुरू झाला, बायको म्हणते विकासवाद लिही. मला खटकतंय ते वेगळंच. उत्कर्ष, उन्नती यातला उत् म्हणजे वर, मग उत्क्रांती म्हणजे वरच्या पायरीला जाणं असंच झालं ना? माकडाला बढती मिळाली आणि माणूस झाला? आणि ति ऱ्हस्व की दीर्घ तेही सांगा.

काना_मात्रा: सुटा शब्द उत्क्रांती दीर्घ, समासात उत्क्रांतिवाद ऱ्हस्व. विकासवाद हिंदीत चालतो, आपल्याकडे विकास म्हटलं की रस्ते आणि बिल्डर आठवतात, नकोच.

आडवाट: उत् म्हणजे फक्त वर नाही हो, बाहेर पण. उत्खनन, उत्सर्जन बघा. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जिवाने देह सोडून निघून जाणं, गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तं स्थितं वापि' आहे तिथे हाच अर्थ. आता गंमत अशी की वॉलेसने डार्विनला जो निबंध पाठवला, ज्यावर 'टर्नाटे (इंडोनेशियातलं एक बेट), फेब्रुवारी १८५८' असं लिहिलंय, त्याच्या शीर्षकातच वाण मूळ प्रकारापासून दूर निघून जातात, जातच राहतात असं म्हटलंय. वर चढण्याचं नावसुद्धा नाही! म्हणजे जुन्या अर्थाने आपला शब्द त्याला अगदी फिट बसतो, योगायोगाने का होईना.

आणि त्याने बघितलं तेही असंच होतं. १८५६ मध्ये तो बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला, मधली सामुद्रधुनी जेमतेम तीसपस्तीस किलोमीटर, हवामान तेच, पण बालीत तांबट आणि सुतार पक्षी होते ते पलीकडे दिसेनात आणि काकाकुवे मात्र ढिगाने, जे ऑस्ट्रेलियाकडचे. आता यात वरचा कोण आणि खालचा कोण? दोन्हीकडचे आपापल्या जागी ठीकच आहेत, फक्त त्यांची घराणी वेगळी. बरं हा माणूस काही श्रीमंत नव्हता, पक्षी आणि किडे विकून पोट भरायचा, १८५२ मध्ये ॲमेझॉनहून परतताना जहाजाला आग लागून बहुतेक सगळा संग्रह गेला तरी दोन वर्षांत परत निघाला. धन्य आहे.

चौकस: वा, हे माहीतच नव्हतं. पण मग डार्विनचं काय, तो तर उत्क्रांतीच म्हणायचा ना?

काना_मात्रा: नाही! त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्दच नाही, फक्त पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्ह्ड' आहे. त्याचा आवडता प्रयोग 'डिसेंट विथ मॉडिफिकेशन', म्हणजे फेरफार होत होत चाललेला वंश. इव्होल्यूशन त्याने सहाव्या आवृत्तीत वापरला, १८७२ साली. पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवरही त्याला शिडी दिसली नव्हती, बेटागणिक वेगळे मॉकिंगबर्ड पक्षी दिसले. फिंच हे छोटे पक्षी कुठल्या बेटावरचे याच्या चिठ्ठ्या तर धड लावल्याच नव्हत्या पठ्ठ्याने, त्या वेगवेगळ्या जाती आहेत हे १८३७ मध्ये लंडनला गूल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितलं.

आडवाट: तरी 'वर' हा अर्थ लोकांच्या डोक्यातून जाणार नाही असं वाटतं. 'मोबाइलची उत्क्रांती' म्हणतात तेव्हा नवीन म्हणजे भारी असंच म्हणायचं असतं, आणि बोलण्यात ते चालून जातं.

काना_मात्रा: बोलण्यात चालू दे, प्रोजेक्टमध्ये नको. माझा खरा राग क्रियापदावर आहे. 'जिराफाने मान लांब केली', 'प्राण्यांनी स्वतःला उत्क्रांत केलं' असं सर्रास छापतात. उत्क्रांती होते, कोणी करत नाही. ज्यांची मान जरा लांब होती त्यांची पिल्लं जास्त जगली, बाकीची कमी, असं पिढ्यानपिढ्या चाललं तर मान लांब *होत गेली*. चौकस, तुमचं 'सुचला' मात्र बरोबर आहे, वॉलेसला तापात पडल्या पडल्या अर्थतज्ज्ञ माल्थसचं लोकसंख्येवरचं लिखाण आठवलं आणि सुचलंच ते. फक्त 'उत्क्रांतीचा' ऐवजी 'नैसर्गिक निवडीचा' लिहा, कारण जाती बदलतात हा विचार त्याच्या आधीही होता, त्या कशा बदलतात ते त्याला तिथे सापडलं.