टर्नसला मारून एनियसने बापाचा शब्द मोडला का?

सांजवात (धागाकर्ती):
रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याचा शेवट मला पटत नाही. बाराव्या सर्गात, ट्रॉयहून आलेल्या नायक एनियसचा इटलीतला शत्रू टर्नस मांडीत भाला घुसून पडलाय. हरलो म्हणतो, राजकन्या लॅव्हिनिया तुझी म्हणतो, म्हाताऱ्या बापासाठी दया माग‌तो. एनियसचा हात थांबतोही. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर पॅलसचा, म्हणजे त्याने मारलेल्या एनियसच्या तरुण साथीदाराचा, पट्टा दिसतो आणि हा भडकून तलवार खुपसतो. खल्लास, काव्य तिथेच संपतं. सहाव्या सर्गात पाताळात बापाने, अँकायसीसने, काय बजावलं होतं? शरण आलेल्याला अभय द्या.

पिंपळपान:
'आणि उद्दामांना चिरडा' हे पुढचं का गाळलंत? टर्नसने कोवळ्या पॅलसला मारलं, वर 'याचा बाप बघायला इथे हवा होता' म्हणाला, प्रेतावरचा पट्टा काढून मिरवला. अकराव्या सर्गात तो बाप, इव्हँडर, एनियसकडे टर्नसचा जीव मागतो. त्याला काय तोंड दाखवायचं? कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा आपल्याला अभिमन्यू आठवतोच ना?

सांजवात:
तिथे आठवण करून द्यायला कृष्ण होता. इथे एनियसच्या कानाशी कुणी देव नाही, राग सगळा त्याचाच. आणि पॅलसच्या चितेवर बळी द्यायला यानेच आठ तरुण जिवंत पकडले होते, ते कुठल्या धर्मात बसतं?

तिरपागडा:
टर्नसचं जाऊ द्या, एनियसवर प्रेम करणाऱ्या राणी डायडोचं बोला. तिने कार्थेजमध्ये आसरा दिला. देवांचा दूत मर्क्युरी याचा निरोप येताच हा गुपचूप गलबतं सज्ज करायला सांगतो. वर म्हणे, 'इटलीला मी माझ्या मर्जीने जात नाही'! पुढे पाताळात हा रडतो, ती चकार शब्द न काढता पहिल्या नवऱ्याकडे, सायकियसकडे, निघून जाते. एनियसच्या कुठल्याही भाषणापेक्षा तिचं गप्प राहणं भारी आहे. आणि हे म्हणे रोमन सम्राट ऑगस्टसचं स्तुतिकाव्य! तसं असतं तर शेवटी विजयोत्सव असता. शेवटची ओळ आहे कण्हत पाताळात जाणाऱ्या टर्नसच्या प्राणाची.

पिंपळपान:
ऑगस्टसला तोच शेवट आवडला असणार. दत्तक बाप सीझरच्या खुनाचा सूड म्हणून त्याने इ.स.पू. 42 मध्ये फिलिपीच्या लढाईच्या वेळी सूड घेणाऱ्या युद्धदेव मार्सच्या देवळाचा नवस केला आणि पुढे ते बांधलंही. बापाचा सूड त्याच्या लेखी धर्मकृत्यच होतं. आजच्या चष्म्यातून बघू नका.

सांजवात:
सूड हेच कर्तव्य होतं तर पट्टा दिसायच्या आधी एनियसचा हात थांबला कशाला?