प्रति: दरडोई उत्पन्न की अर्भकमृत्युदर?

प्रगती दरडोई उत्पन्नावरूनच मोजावी, अर्भकमृत्युदर हा नुसता दवाखान्यांचा आकडा, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. नाही पटत. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं दगावली, यात आईचं रक्त, पाणी, शिक्षण, रस्ता सगळंच येतं. २०२० च्या नमुना नोंदणीत (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत) देशाचा दर २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६. उत्पन्नात केरळ आपल्या अडीचपट पुढे नाही, हे तरी मान्य?

आता आमचं सोलापूर घ्या. पूर्व भागात बायका पोटुशी असतानाही घरीच विड्या वळतात, तंबाखूची धूळ त्याच खोलीत. बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. राज्याच्या त्या १६ मध्ये हे घर आणि होटगी रोडचा बंगला एकत्रच मोजले जातात. मला वॉर्डनिहाय आकडा हवाय.