फोटो व्हायरल केले तर नुसती एफआयआरच का? दावा का नाही लावायचा?

रानजाई: मामेबहिणीचे खाजगी फोटो तिच्या जुन्या बॉयफ्रेंडने ग्रुपवर टाकले. एफआयआर झाली, तो जामिनावर मोकळा, आणि ही नोकरी सोडून गावी येऊन बसलीये. मी म्हणते दिवाणी दावापण ठोका, भरपाई मागा. अमेरिकेत 2022 पासून यासाठी फेडरल कायदाच आहे, नाव लपवून दावा लावता येतो, नुकसान किती झालं ते सिद्ध करत न बसता दीड लाख डॉलर मागता येतात. आपल्याकडे असा वेगळा कायदाच नाही.

बाभूळझाड: आणि वसूल कोणाकडून करणार? 2023 ला टेक्ससमध्ये अशाच केसमध्ये ज्युरीने फोटो टाकणाऱ्याला सांगितलं, त्या बाईला 1.2 अब्ज डॉलर दे, आता तो एकटा बाप्या एवढे आणणार कुठून. इथे तर आजोबाने लावलेला दावा नातू चालवतो. त्यापेक्षा भारतीय न्याय संहितेचं कलम 77, बाईचे खाजगी फोटो काढण्या-पसरवण्याचं, ते नीट लावून घ्या, आत गेला की बाकीचे सरळ होतात.

सातारकर वकील: निकालाला वर्षं लागतात हे कबूल, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 खाली तात्पुरती मनाई पहिल्याच तारखेला मागता येते, घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देतासुद्धा. आणि बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

तिखटमीठ: वकीलसाहेब, पण कोर्टाबाहेर त्या दिवशीच्या केसेसचा बोर्ड लागतो त्याचं काय? वादी म्हणून पोरीचं नाव, गावातला कोणीतरी असतोच तिथे सातबाऱ्याच्या कामाला आलेला. बलात्काराच्या केसमध्ये नाव छापायला बंदी आहे, ती 77 ला नाही, दाव्याला तर नाहीच.

सातारकर वकील: मुद्दा खरा आहे. नाव झाकायचा अर्ज देता येतो, दिल्ली हायकोर्टात 'एक्स' नावाने अशी केस चाललीये. पण शेवटी जजसाहेबांच्या मनावर.

रानजाई: तिलाच विचारलं आज. म्हणते पैसे नकोत मला, त्याच्या फोनमधून, ड्राइव्हमधून सगळं पुसलं असं कोर्टासमोर लिहून दे म्हणावं. हे कुठे मागायचं?

सातारकर वकील: दिवाणीतच. फौजदारीत फोन मुद्देमाल म्हणून सील होतो, पुरावा आहे, पोलीस पुसत नसतात.

बाभूळझाड: आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनी सेव्ह केलेत ते? सगळ्यांना प्रतिवादी करणार का?

रानजाई: हो. मेंबरलिस्टचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.